कपडा उलटा करून बघ: परदेशातले अफगाण डिझायनर आणि त्यांचा वारसा

तुझा प्रश्न मला समजला तो असा. परदेशात राहणारे अफगाण फॅशन डिझायनर आपला वारसा आणि ओळख कपड्यांतून कशी मांडतात, यावर तुला प्रोजेक्ट करायचा आहे. फोटो जमवायला बसलीस तर सगळीकडे तेच दिसलं: आरसे, नाणी, मणी, लाल-हिरवे घेरदार झगे. यापलीकडे काय बघायचं, असं तू विचारतेस. शिवाय जाता जाता हेही विचारलंस, की यातलं काही स्वतःच्या फायनल कलेक्शनमध्ये घेतलं तर चालेल का. नाशिकला शिकतेस असं लिहिलंस, म्हणून सरळ एकेरीत लिहिते.

मी डिझायनर नाही, पॅटर्न कापणारी आहे. शिकले मुंबईत, आणि आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टच्या आसपास काम करते. फ्रीमॉन्टच्या एका भागाला लोक ‘लिटल काबूल’ म्हणतात. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्यानंतर देश सोडलेली बरीच कुटुंबं इथे येऊन वसली. आपली मराठी मंडळीही इथे भरपूर. त्यामुळे माझ्याकडे गणपतीच्या आधी एक गर्दी असते आणि अफगाण लग्नांच्या हंगामात दुसरी. लग्नाचे कपडे, छोट्या अफगाण लेबलांचे नमुने, आजीच्या झग्याचं नातीसाठी नवं रूप, अशी कामं येतात. जी नावाजलेली माणसं आहेत त्यांच्याबद्दल मी फक्त सगळ्यांना माहीत असलेलंच सांगेन. बाकी माझ्या कटिंग टेबलावरचं.

पहिली गोष्ट. तुझ्या प्रश्नात असं गृहीत आहे की वारसा म्हणून एक ठरलेली पेटी आहे आणि डिझायनर त्यातून काहीतरी काढून कपड्यावर लावतो. प्रत्यक्षात डिझायनरला आधी हे ठरवावं लागतं की कुठला अफगाणिस्तान. कुठला प्रांत, आणि कुठल्या सालातला. फोटोत तुला जो तोचतोपणा दिसतो तो बहुतेक वेळा हा निर्णय टाळल्यामुळे आलेला असतो.

प्रांताचं आधी. आपल्याकडे अफगाण म्हटलं की पानिपत आणि अब्दाली, त्यापुढे फार कोणी जात नाही. त्या अहमदशाह अब्दालीचं कंदाहार हे खामक नावाच्या भरतकामाचं माहेर आहे. खामक म्हणजे कापडाचे धागे मोजून रेशमाने भरलेली अतिशय बारीक भौमितिक नक्षी, बरेचदा पांढऱ्यावर पांढरी. आधी नक्षी छापून घेत नाहीत, सगळं मोजणीवर चालतं. हे काम बायका करतात आणि पारंपरिकपणे ते मिरवतात पुरुष: सदऱ्याच्या छातीवर, शालीवर. उत्तरेला, उझबेक आणि तुर्कमेन वस्तीत, चपान हा पट्ट्यापट्ट्यांचा लांब अंगरखा; त्याच्या बाह्या हातापेक्षा लांब असतात आणि तो खूपदा नुसता खांद्यावर टाकतात. मध्य अफगाणिस्तानातल्या हजारा समाजातल्या बायकांचं धागे मोजून भरलेलं रंगीत काम वेगळंच. गझनीचं पोस्तीन म्हणजे मेंढीच्या कातड्याचा कोट, लोकर आत आणि भरतकाम बाहेर. आणि तुझ्या फोटोंतला तो आरशा-नाण्यांचा झगा मुळात कुची भटक्यांचा, म्हणजे कळपांमागे फिरणाऱ्या पश्तून टोळ्यांच्या बायकांचा. या सगळ्यांना ‘अफगाण स्टाइल’ म्हणून एका ओळीत बसवलं की काहीच कळत नाही.

या निवडीत राजकारण कसं असतं याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण डिझायनरचं नाही, राष्ट्राध्यक्षाचं आहे. हमीद करझई कंदाहारचे पश्तून. पण २००१ नंतर ते जगापुढे आले ते उत्तरेकडचा पट्टेरी चपान खांद्यावर टाकून, डोक्यावर कराकुलची, म्हणजे कोकराच्या कुरळ्या लोकरी कातड्याची टोपी आणि आत साधा पैरहन-तुंबान, म्हणजे लांब सदरा आणि सैल विजार. एका अंगावर अनेक प्रांत. २००२ मध्ये तेव्हा गुची सांभाळणाऱ्या टॉम फोर्डने त्यांना जगातला सर्वांत झोकदार पुरुष ठरवलं. पाश्चात्त्यांनी फॅशन बघितली. अफगाणांनी त्यात कोण आहे आणि कोण नाही हे बघितलं. परदेशातले डिझायनर आज हेच करतात, फक्त लहान प्रमाणात. हजारा भरतकाम पश्तून कटवर लावलं तर कोणाला ते एकीचं चिन्ह वाटतं, कोणाला आपल्या आजीचं काम दुसऱ्याच्या नावावर गेल्यासारखं वाटतं. हजारा कुटुंबांतल्या मुली माझ्याशी बोलताना हे फार स्पष्टपणे सांगतात: प्रत्येक कार्यक्रमात तो एकच झगा ‘अफगाण पोशाख’ म्हणून मिरवतो, मग आम्ही कुठे आहोत? त्यांचा मुद्दा मला पटतो.

आता साल. इथे परिस्थितीप्रमाणे फार फरक पडतो. १९८० च्या दशकात बाहेर पडलेल्या काबूलच्या शहरी कुटुंबांना आठवतं ते १९६०-७० चं काबूल. तेव्हा शहरात साफिया तर्झी ही डिझायनर स्वतःचा स्टुडिओ चालवत होती. १९६९ सालचे तिचे फोटो सहज सापडतील, बघ. देशी कापड, देशी भरत, आणि कट त्या काळातला आधुनिक. या घरांतल्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना वारसा म्हणून खेडं नको असतं, आजीचा तो शहरी डौल हवा असतो: अंगासरशी कोट, त्याला फक्त कॉलरवर किंवा मनगटाशी भरतकाम. १९९० च्या यादवीत आणि तालिबानच्या पहिल्या राजवटीत निघालेली बरीच घरं मधली वर्षं पेशावरला किंवा इराणमध्ये राहून आली. त्यांच्या कपड्यांत तिथल्या बाजाराची छाप असते आणि ती लपवायची गरज त्यांना वाटत नाही. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर निघालेल्यांचं सगळंच ताजं. त्यांच्यासाठी रंग हाच मुद्दा आहे, आणि तो का, ते पुढे सांगते. एखाद्या डिझायनरवर लिहिताना तिचं घर कुठून आणि कधी निघालं ही एक ओळ मिळाली नाही, तर बाकीचं विश्लेषण अंदाजपंचे होईल.

आता त्या झग्याकडे येते, कारण तो टाळून चालणार नाही. दारी या तिकडच्या फारसी भाषेत त्याला ‘गंद-ए-अफगानी’ म्हणतात. तो मी अनेकदा उसवलाय आणि पुन्हा शिवलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जुना, खरा वापरलेला झगा हातात आला तर तो आधी उलटा कर. बाहेरून मखमल, जर, मणी. आत अस्तराला वेगवेगळ्या छापील सुती कापडांचे तुकडे, मिळेल तसे जोडलेले. छातीचा भाग आणि बाह्या हे भरतकामाचे स्वतंत्र तुकडे असतात, आणि ते नव्याने बनवलेले असतीलच असं नाही: झगा फाटला की तो भाग काढून पुढच्या झग्याला लावतात. मण्यांची गोल पदकं, ज्यांना ‘गुल-ए-पैरहन’ म्हणतात, तीही अशीच एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातात. जुन्या तुकड्यांवर शिवलेल्या नाण्यांत ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपयेही सापडतात. म्हणजे एकाच झग्याच्या अंगावर दोन-तीन पिढ्या असू शकतात. आणि ‘हा अमुक सालचा’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यावर किती विश्वास ठेवायचा, तेही यावरून ठरव.

कट बघ. सगळे तुकडे सरळ: चौकोन, पट्ट्या, काही ठिकाणी कळ्या. काखेत हात वर व्हावा म्हणून वेगळा तुकडा. मुंढ्याला वळण नाही, टक्स नाहीत. कमरेला मीटरच्या मीटर कापड चुण्या घालून जोडलेलं. कापड वाया जात नाही आणि बाई जाड-बारीक झाली, गरोदर राहिली तरी झगा चालतो. आता अमेरिकेत वाढलेली मुलगी येते आणि म्हणते, ‘हाच हवा, पण फिटिंगमध्ये.’ पाठीला चेन, छातीला टक्स, वजन निम्मं, कारण पार्किंगपासून हॉलपर्यंत चालायचंय आणि गाडीत बसायचंय. पण घेर कमी करून चालत नाही, कारण लग्नात अत्तन नाचायचं असतं आणि गिरक्या घेताना घेर उघडला पाहिजे. धातूची नाणी काढून हलकी लावली तर वजन जातं, पण आवाजही जातो. मग आई नाराज. हे सगळे निर्णय मला तांत्रिक वाटायचं काही कारण नाही. कोण काय सोडायला तयार आहे आणि कशावर अडून बसतं, त्यातच तुझ्या ‘ओळख’ या शब्दाचं उत्तर आहे. माझा अनुभव असा की घेर आणि आवाज यांवर तडजोड होत नाही. कट, कापड, अगदी रंगही बदलतो.

गंमत अशी की काबूलमधल्या शहरी बायका हा झगा रोज घालत नव्हत्या. मुळात भटक्यांचा कपडा, शहरात तो सणासमारंभाला, नाचाला, फोटोसाठी. परदेशात आल्यावर मात्र तो सगळ्यांचा झाला: मेंदीच्या रात्री, नवरोजला, ईदला, शाळेच्या सांस्कृतिक दिनाला. इथल्या ढोलताशा पथकातल्या मुली शिवलेली नऊवारी चढवतात, त्यांच्या आया घरी जीन्समध्ये वावरल्या आणि पणज्यांनी त्याच नऊवारीत शेतात कामं केली. हे तसंच आहे. आपण त्याला खोटं म्हणत नाही, तसं यालाही म्हणू नये. पण प्रोजेक्टमध्ये हे लिहायला हवं की ‘राष्ट्रीय पोशाख’ म्हणून या झग्याला जे स्थान मिळालं त्यात परदेशातल्या लग्नांच्या हॉलांचा आणि तिथल्या शिंप्यांचा वाटा मोठा आहे. नुसतं ‘पारंपरिक अफगाण वेश’ लिहून सोडलंस तर परीक्षक नाही, पण मी तरी मार्क कापीन.

त्याला आजचा राजकीय अर्थ आला २०२१ च्या सप्टेंबरमध्ये. ११ तारखेला काबूलच्या एका शिक्षण विद्यापीठात तालिबानच्या बाजूने सभा झाली आणि त्यात बायका डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, चेहरा झाकून बसलेल्या जगाने पाहिल्या. दुसऱ्या दिवशी बहार जलाली या इतिहासाच्या प्राध्यापिकेने हिरव्या अफगाण झग्यातला स्वतःचा फोटो टाकला आणि म्हटलं की आमची संस्कृती ही. त्या पूर्वी काबूलच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवत आणि तिथला स्त्री-अभ्यासाचा पहिला कार्यक्रम त्यांनीच उभा केला. बघता बघता जगभरच्या अफगाण बायकांनी ‘माझ्या कपड्यांना हात लावू नका’ या हॅशटॅगखाली आपापले रंगीत फोटो टाकले. ७ मे २०२२ ला तालिबानने चेहरा झाकण्याचं फर्मान काढल्यावर तर त्या रंगांना आणखीच धार आली. त्यानंतर माझ्याकडे कामं आली त्यांत एक बदल स्पष्ट होता: आधी जी मुलगी ‘फक्त बॉर्डर ठेवा’ म्हणायची ती आता पूर्ण झगा मागू लागली, आणि तो लग्नाव्यतिरिक्तही घालायचा म्हणून.

यावर टीकाही झाली, आणि ती तू वाचावीस. परदेशातल्या सुरक्षित बायकांचे झगे आणि आतल्या बायकांचं जगणं यांत अंतर आहे. चादरी, म्हणजे तो निळा चुण्यांचा बुरखा, ती घालणारी बाईदेखील अफगाणच आहे, आणि तालिबानच्या आधीही अनेक जणी ती घालत होत्या. तेव्हा ‘खरा पोशाख रंगीत, खोटा काळा’ अशी सोपी वाटणी मी करणार नाही. पण शाळा-कॉलेजांची दारं बंद होत असताना ज्यांनी तो हिरवा झगा कपाटातून काढला, त्यांना तेव्हा अभ्यासपूर्ण तळटीप द्यायची नव्हती, हेही खरं.

आता डिझायनर. तीन वाटा सांगते, तिन्ही एकमेकींपासून खूप वेगळ्या.

जुलैखा शेरझाद लहानपणी काबूल सोडून स्वित्झर्लंडला गेली, वास्तुशास्त्र शिकली, न्यूयॉर्कला राहिली आणि २००५ मध्ये तिने काबूलमध्ये ‘झरीफ डिझाइन’ सुरू केलं. तिच्या कामाचे फोटो जवळून बघ: चपानची लांबी आहे, पट्टे आहेत, पण खांदा आणि कंबर आजच्या कोटाची. पुरुषांच्या अंगरख्यातून बायकांचा कोट निघालाय. भरतकाम थोडं, नेमक्या जागी. वास्तुशास्त्र शिकलेल्या माणसाचा हात इथे कळतो, कारण आधी आकार उभा केलाय आणि मग त्याला सजवलंय. बहुतेक जण उलटं करतात. तिथे शिवणारे पुरुष दर्जी आणि भरतकाम करणाऱ्या बायका असे दोघेही कामाला होते, आणि मला वाटतं तिच्या वारशाचा अर्धा भाग या कामाच्या वाटणीत आहे. २०२२ च्या अखेरीस पॅरिसच्या गिमे संग्रहालयात तिचं काम मांडलं गेलं, अफगाणिस्तानातल्या फ्रेंच पुरातत्त्व संशोधनाला शंभर वर्षं झाल्याच्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनाच्या जोडीला.

रंगीना हमीदी ही दुसरी वाट. तिला डिझायनर म्हणावं की उद्योजक, यावर वाद घाल हवं तर. कुटुंबासोबत लहानपणी देश सोडलेली, अमेरिकेत वाढलेली, २००३ मध्ये कंदाहारला परतली आणि तिथल्या बायकांच्या खामक भरतकामातून ‘कंदाहार ट्रेझर’ उभं केलं. पुढे २०२०-२१ मध्ये तिने शिक्षणमंत्रिपदही सांभाळलं. तिथे कट साधाच आहे. शाली, सदरे, घरातल्या वस्तू. सगळा भार टाक्यावर आणि तो टाका घालणाऱ्या बाईला मिळणाऱ्या मजुरीवर. घराबाहेर पडणं अवघड असलेल्या बाईने घरातच बसून केलेलं काम विकलं जातं, हा तिथला मूळ विचार. खामक मशीनने होत नाही असं नाही, मशीनची नक्कल बाजारात ढीगभर आहे. फरक मागची बाजू बघितल्यावर कळतो. म्हणून पुन्हा सांगते, कपडा उलटा कर.

तिसरा उस्मान युसूफझादा. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला, अफगाण-पाकिस्तान सीमेवरच्या पश्तून कुटुंबातला. आई घरी शिवणकाम करायची, पडद्यात राहणारी; तो लहानपणी बायकांच्या त्या खोलीत बसून शिकला. पुढे लंडनला मानववंशशास्त्र आणि मग सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये फॅशन. २००८ मध्ये स्वतःचं लेबल काढलं. २०१३ च्या ग्रॅमीला बियॉन्सेने त्याचा काळा-पांढरा जंपसूट घातला होता. त्या जंपसूटवर आरसा नाही, नाणं नाही, भरतकामही नाही. मग वारसा कुठाय? सैल घडणीत, अंगावर कापड टाकण्याच्या पद्धतीत, लांब सदऱ्याखाली विजार अशा जोडण्यांत. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या आयकॉन गॅलरीत त्याने आईची खोलीच उभी केली होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या वस्तूंसकट. बाहेरच्या देशात येऊन कधी परत जावं लागेल या हिशोबाने सामान बांधून ठेवणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तुझ्या प्रोजेक्टमधला सर्वांत मनोरंजक भाग कदाचित इथे सापडेल, कारण फोटोत ‘अफगाण’ म्हणून ओळखता येणार नाही असंच काम तुला वाचता यायला हवं.

अनेक डिझायनर आरसे-नाण्यांपासून लांब का पळतात याला आणखी एक कारण आहे, आणि ते पाश्चात्त्य गिऱ्हाईक. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गझनीची पोस्तीनं लंडनच्या हिप्पी दुकानांत पोहोचली, बीटल्सच्या अंगावर दिसली आणि ‘अफगाण कोट’ नावाने फॅशन झाली. मागणी इतकी वाढली की कातडं नीट न कमावता माल जाऊ लागला, आणि पावसात भिजला की त्याला वास सुटायचा. लंडनच्या हवेत हे म्हणजे बघायलाच नको. इकडे सॅन फ्रान्सिस्कोत १९८० च्या दशकापासून बेली डान्सच्या एका शैलीने कुची दागिने आणि झग्यांचे तुकडे वेशभूषेत घेतले. आजही ऑनलाइन दुकानांत ‘कुची’ शब्द अफगाण बायकांपेक्षा नर्तकींसाठी आणि ‘बोहो’ गिऱ्हाइकांसाठी जास्त वापरलेला दिसेल. लग्नातला आपल्या आईचा झगा कोणीतरी कापून त्याचा पट्टा केलाय हे पाहिलेली डिझायनर भरतकाम लपवायला लागली, किंवा अस्तरात घालायला लागली, तर नवल काय? असे दोन कोट मी स्वतः कापलेत: बाहेरून काळी साधी लोकर, आत अस्तराला रंगीत रेशीम. घालणाऱ्यालाच माहीत.

कोण शिवतं हा प्रश्न सोडू नकोस. परदेशात विकला जाणारा ‘अफगाण’ झगा बरेचदा पेशावरला शिवलेला असतो, तिथे राहणाऱ्या अफगाण कारागिरांकडून. २०२१ नंतर काबूलकडे पैसे पाठवणं बँकांमार्फत जवळजवळ अशक्य झालं, म्हणून हवाला आणि पेशावरची साखळी यांवर भर आला. मग २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडायला सांगितलं. त्याचा परिणाम माझ्यापर्यंतही आला: ठरलेले भरतकामाचे तुकडे आलेच नाहीत, कारण काम करणारं घरच हललं होतं. डिझायनरने तेव्हा काय केलं, दुसरीकडून मशीनचं काम घेतलं की कलेक्शन पुढे ढकललं, यावरून तिच्या ‘वारसा’ या शब्दाची किंमत कळते. पण न्याय करताना जपून. छोट्या लेबलाला हॉलचं भाडं आणि फोटोग्राफरचे पैसे ठरलेल्या तारखेलाच द्यावे लागतात.

आता तुझं कलेक्शन. होय किंवा नाही असं एका शब्दात सांगता येणार नाही, पण माझं मत स्पष्ट आहे. जुन्या झग्याचे तुकडे विकत घेऊन कापू नकोस. फॅशन कॉलेजच्या एका सेमिस्टरसाठी ते फार महाग पडतं, पैशाने नव्हे. चादरी रॅम्पवर नाट्य म्हणून आणू नकोस, ते शंभर जणांनी करून झालंय आणि प्रत्येक वेळी वाईटच झालंय. खामक वापरायचं असेल तर हातकाम विकत घे, थोडं घे, आणि कंदाहारचं आहे असं लेबलवर लिही. यापेक्षा बरं म्हणजे बांधणी शिक. सरळ तुकड्यांचा कट, काखेतला जोड, चुण्यांचा घेर हे आपल्याकडच्या कळीदार कपड्यांतही आहे, त्यामुळे तुला ते परकं वाटणार नाही. बंजारा घागऱ्याशी तुलना करायचा मोह होईल, आरसे दोन्हीकडे आहेत म्हणून. करायचीच तर कटवर कर: बंजारा बाईची काचळी पाठीला उघडी आणि घागरा वेगळा, कुची झगा वरपासून खालपर्यंत सलग आणि त्याखाली विजार. नुसते आरसे मोजून ‘दोन्ही संस्कृती एकच’ असा निष्कर्ष काढलास तर बंजारा आणि अफगाण दोघेही तुझ्यावर रागावतील.

आणि फोटोंवर विसंबू नकोस. पुण्यात वर्षानुवर्षं अफगाण विद्यार्थी शिकायला येत आलेत. त्यांच्यापैकी कोणाशी बोल. दिल्लीला गेलीस तर लाजपतनगर आणि भोगलमध्ये अफगाण दुकानं आहेत. विचारताना ‘तुमचा पारंपरिक पोशाख कुठला’ असं विचारू नकोस, ठरलेलं उत्तर मिळेल. ‘तुमच्या आईने लग्नात काय घातलं होतं, आणि ते कोणी शिवलं’ असं विचार. निकाहला हिरवा, नंतर पांढरा गाऊन, मेंदीला झगा, अशी यादी येईल, आणि त्यातला प्रत्येक कपडा कुठून आला याची गोष्ट निघेल. फोटो काढायची परवानगी आधी माग, विशेषतः बायकांच्या लग्नाच्या फोटोंची. घरचे लोक अजून तिकडे असतील तर चेहरा आणि नाव दोन्ही वगळ.

प्रोजेक्टसाठी एकच कपडा निवड आणि तो आतून-बाहेरून मोज. मुंढा, काखेतला तुकडा, घेराची रुंदी, चुण्यांचं प्रमाण, हे सगळं लिहून इथे टाकलंस तर पॅटर्न कसा पडेल ते मी काढून सांगेन. घेराला कापड किती लागेल याचा अंदाज मात्र आत्ताच थोडा जास्त धर.